जाहिरातीतली शेवटची ओळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

बाई ठेवायची! ठरलंसुद्धा. पोरीनं चहा पिता पिता सांगून टाकलं — "बाबा, तीन मार्चला मला कामावर हजर व्हायचंय. भोपळीला सांभाळायला बाई बघू या."

मी म्हटलं, "मी आहे ना घरात."

तिनं शेगडीच्या बटणाकडे बघितलं.

कळतं मला. डिसेंबरात भोवळ आली तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि मी ओट्याखाली आडवा. नशीब, नात, आमची भोपळी, पाळण्यात होती आणि पोर वेळेवर आली. तेव्हापासून या घरात कायदा झालाय — बाबांनी बाळ उचलून उभं राहायचं नाही, बाळ एकट्या बाबांच्या हातात द्यायचं नाही. डॉक्टर तर माझ्यासमोर तिलाच सांगत होता, मी जसा काही खुर्चीवर टाकलेला कोट. "गोळ्यांनी कमी होईल. पण भरवसा धरू नका."

भरवसा धरू नका! चाळीस वर्षं बांबूच्या शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या. एका हातात डबा, एका हातात ब्रश, शिडीला धरायला हातच नाही. तेव्हा नाही कुणी भरवशाचं विचारलं.

भोपळीला दोन दात आले आहेत. खालचे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जाहिरात टाकली. पेपरात नाही — फोनवर. तिथं म्हणे एक बाजारच आहे कामांचा. ज्याला माणूस पाहिजे तो पाटी लावतो, ज्याला काम पाहिजे तोही लावतो. पोर मजकूर टाइप करत होती, मी बाजूला बसून सुचवत होतो. जन्मभर तेच केलं. माणसं वहीभर मजकूर घेऊन यायची आणि पाटी असायची हातभर. मी म्हणायचो, शेठ, रस्त्यावरचा माणूस चालता चालता वाचतो, थांबून नाही. निम्मं कापा.

पोर म्हणाली, "बाबा, इथं जागेची टंचाई नाही. पाहिजे तेवढं लिहा."

हेच मला पटत नाही. जागा आहे म्हणून काहीही लिहायचं?

नंबर माझा दिलाय. तिचा जुना फोन आता माझ्याकडे. "बाळाच्या मागे मला फोन घेता येत नाही, तुम्हीच बोला. तेवढीच तुम्हाला करमणूक." करमणूक!

जावयाचा जहाजावरून फोन आला होता. तोही म्हणाला, बाई नीट पारखून घ्या. तिथं बसून सांगायला काय जातंय? दुरून डोंगर साजरे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळपासून फोन. एक बाई विचारते, बाळ रडकं आहे का? म्हटलं, बाळ आहे, रडणार नाही तर काय व्याख्यान देईल? तिनं फोनच ठेवला. एकीला फक्त दुपारीच यायचं होतं. एक पुरुष होता, ढेकणांचं औषध मारून देतो म्हणाला.

दुपारी पोरीनं सांगितलं, वेळ नऊची लिहिली आहे, ती साडेआठ करायची. कसं करायचं ते दाखवलं. पेन्सिलीचं चित्र दाबायचं, मजकूर उघडतो, बदलायचा, खालचं हिरवं बटण दाबायचं. ती भोपळीला आंघोळ घालायला गेली. मी चष्मा लावून बसलो.

तेव्हा पहिल्यांदा सगळी जाहिरात वाचली. तिनं मला वाचून दाखवली होती त्यात एक ओळ कमी होती. शेवटची. ती अशी —

"घरात वडील आहेत, त्यांना भोवळ येते. बाळ त्यांच्या एकट्याच्या हाती अजिबात देऊ नये."

किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. आतून पाण्याचा आवाज येत होता, भोपळीचं खिदळणं येत होतं.

ही पाटी सगळ्या गावानं वाचली! सकाळपासून ज्या बायका माझ्याशी बोलल्या त्या हे वाचूनच बोलल्या. "आजोबा, आजोबा" करत होत्या आणि मनात म्हणत असतील, हाच तो पडका.

वेळ साडेआठ केली. आणि ती ओळ काढली. पूर्वी एक चुकलेलं अक्षर खरवडायला अर्धा दिवस जायचा, हाताची सालं निघायची, घासलेटाचा वास दोन दिवस. इथं बोट टेकवलं, ओळ गेली. वाससुद्धा नाही. आता शेवटची ओळ "रविवारी सुट्टी" अशी आहे.

लपवायचं म्हणून नाही. जी बाई ठरेल तिला मी स्वतः सांगेन. घरातल्या घरात, तोंडानं. त्याला चव्हाट्यावर पाटी कशाला?

रविवार, ९ फेब्रुवारी

दोघी येऊन गेल्या.

पहिलीला मी अत्तरवाली म्हणतो. ती गेल्यावर दोन्ही खिडक्या उघडल्या तरी भोपळी शिंकते आहे. बोलताना नजर सारखी फोनवर. कोटाला मोठी मोठी बटणं, त्यातलं एक लोंबत होतं. बाळानं गिळलं असतं म्हणजे?

दुसरी प्रमाणपत्रवाली. प्लास्टिकच्या पिशवीत चार प्रमाणपत्रं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पोरीला विचारलं, "यांचंही करायचं का? वयस्करांचा पगार वेगळा असतो."

पोरीला हसू आवरेना. मला नाही आलं.

ती गेल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही बाई शोधताय की जावई? एकीची बटणं, दुसरीचं तोंड. अशानं मार्च उजाडेल."

उजाडू दे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कुणी नाही. पोर रागात. दाराची कडी ढिली झाली आहे, दोनदा सांगितलं. या घरात माझं ऐकतं कोण?

शनिवार, १५ फेब्रुवारी

एक बाई आली. इतकी उंच की दारातून येताना मान वाकवली. पायांत साधे बूट, खांद्याला चौकड्यांची पिशवी. आत आल्यावर आधी विचारलं, हात कुठं धुऊ? मग जमिनीवर बसली. भोपळीकडे बघितलं नाही, हाक मारली नाही, "अले अले" केलं नाही. पिशवीतून आपला एक स्टीलचा पेला काढून शेजारी ठेवला आणि पोरीशी बोलत राहिली. भोपळी रांगत आली, पेला वाजवला, आणि तिच्या मांडीवर चढून बसली. आपण होऊन!

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार!

दोन मुलांना मोठं केलंय म्हणाली, दोन्ही दुसऱ्यांची. स्वतःचा एक मुलगा शाळेत जातो, सासू अंथरुणाला. "सासूबाईंचं तोंड चालतं, पाय नाहीत. देवानं उलटं करायला हवं होतं." मला हसू आलं. फार दिवसांनी.

मग पोरीनं विचारलं, "जाहिरात नीट वाचलीत ना? सगळी?"

"वाचली की, ताई."

"शेवटची ओळसुद्धा?"

"हो हो. काही अडचण नाही माझी."

पोरीनं सुटकेचा श्वास सोडला, माझ्याकडे न बघता. मी तिथंच बसलेलो, म्हणून तिनं ते तोंडानं उच्चारलं नाही. मला समजलं. उंचबाईला काहीच समजलं नाही, ती रविवारच्या सुट्टीबद्दल बोलत होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण सगळे हसत होते. चहा झाला होता. चोवीसच्या सोमवारी कामावर येईल तेव्हा सांगेन.

सोमवार, २४ फेब्रुवारी

उंचबाईचा पहिला दिवस. पोर आठवडाभर घरीच आहे, बाईला रुळवायला. त्यामुळे सांगायची घाई नाही.

काम चोख आहे. दूध मनगटावर टाकून बघते. शेगडीचं बटण स्वतः दोनदा तपासते — माझ्यासारखीच! काम करता करता गुणगुणते, त्या गाण्याला ना चाल ना शब्द, पण भोपळी गप्प होते. मी दोन-तीनदा मुद्दाम चूक शोधली. नाही सापडली. ढिली कडी तिनं आल्या आल्या पिळून घट्ट केली. "आजोबा, घरात पेचकस आहे आणि कडी लोंबते?" म्हटलं, पेचकस आहे, पिळणाऱ्याला विचारतो कोण?

सोमवार, ३ मार्च

पोर कामावर गेली. तिची ती रक्त तपासायची प्रयोगशाळा. जाताना जिन्यात रडली. उंचबाई म्हणाली, "ताई, मागं वळून बघू नका. मीपण बघत नाही माझ्या घरून निघताना."

घर रिकामं झालं. मी, बाई आणि भोपळी.

अकरा वाजता उंचबाई गच्चीत कपडे वाळत घालायला निघाली. टोपली कमरेला. भोपळी कडेवर. माझ्याजवळ आली आणि सहज — अगदी सहज, जसं कुणी मीठ द्यावं तसं — "धरा हो आजोबा जरा," म्हणून बाळ माझ्या हातात दिलं आणि गेली.

गेली! एकट्याकडे देऊन!

डिसेंबरापासून पहिल्यांदा. भोपळीनं माझं नाक धरलं. वजन वाढलंय तिचं. नाव सार्थ आहे. तिच्या टाळूचा वास — आता काय लिहू. मी खुर्चीत घट्ट बसून राहिलो. गोळी घेतली होती. मान ताठ. श्वाससुद्धा जपून घेत होतो, शिडीच्या वरच्या पायरीवर घ्यायचो तसा. काही झालं नाही.

बाई परत आली, म्हणाली, "छान रमली की तुमच्याकडे."

आता कसं सांगायचं? कोणत्या तोंडानं?

गुरुवार, ६ मार्च

रोज अकरा वाजता. मी दहापासूनच दाढी करून बसतो.

सोमवार, १० मार्च

संध्याकाळी पोरीनं विचारलं, "बाई तुमच्याकडे बाळ देत नाही ना?"

"छे."

इतक्या पटकन आलं तोंडातून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय खोटं नाही — मला वाटलं, भोपळीच बोलून दाखवेल. ती नुसती "बा-बा-बा" करत होती.

मग पोर म्हणाली, "रागावू नका हो बाबा. मला तुमचीही काळजी आहे." आणि माझ्या ताटात तिच्या वाटचा बटाटा वाढला.

शुक्रवार, १४ मार्च

आज भोपळीला घेऊन उभा राहिलो. खिडकीपर्यंत गेलो. समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी मी रंगवलेली आहे, अजून टिकली आहे, नुसता निळा उडालाय. तिला दाखवली. "हे आजोबाचं." तिनं काचेवर हात आपटला. परत येऊन बसलो. काही झालं नाही. डिसेंबरानंतर एकदाही भोवळ नाही. डॉक्टरला काय कळतं!

उंचबाईला सांगायचं अजून राहिलंय. पण आता सांगण्यासारखं उरलंय काय? बरा झालोय मी.

शनिवार, २२ मार्च

लिहायला हात धजत नव्हता.

गुरुवारी झालं. अकरा वाजता. उंचबाई गच्चीत. मी भोपळीला घेऊन खिडकीशी. पाटीकडे बोट केलं आणि पाटीवरचा रंग निघून गेला. आधी निळा, मग सगळाच. पांढरं फटक. पुढचं आठवत नाही. मग खूप लांबून रडणं ऐकू आलं, आणि मी जमिनीवर, तोंडात रक्ताची चव, आणि उंचबाई दारातून धावत येते आहे, तिच्या हातात कुणाचा तरी ओला सदरा.

भोपळीच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. कोपराच्या खाली. तिथं हाड केवढं असणार? काडीएवढं. प्लास्टर घातलंय. डोक्याला मार नाही. डॉक्टर म्हणाला, लहान हाडं लवकर जुळतात. हे तो तीन वेळा म्हणाला, म्हणून भीती वाटली.

उंचबाईनंच रिक्षा केली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातानं मला धरलेलं. पोर दवाखान्यात आली ती प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालूनच. बाळाला घेतलं आणि बाईवर तुटून पडली.

"एकट्या बाबांकडे दिलंत? स्पष्ट लिहिलं होतं ना मी? विचारलंही होतं — शेवटची ओळ वाचलीत का! हो म्हणालात!"

"ताई, असं काही नव्हतं त्यात. शपथेवर सांगते. रविवारी सुट्टी, एवढंच —"

"माझ्या हातानं लिहिलंय मी! वर आणखी खोटं बोलता?"

बाई माझ्याकडे बघत होती. मी बाकावर, कपाळाला कापूस. डोळे मिटून घेतले. सगळ्यांना वाटलं, पुन्हा भोवळ आली. नर्स धावत आली.

नव्हती आली.

सोमवार, २४ मार्च

बाईला काढून टाकलं. पोर रजेवर.

मला कुणी एक शब्द बोललेलं नाही. तेच सोसत नाही. पोर म्हणते, "तुमचा काय दोष, बाबा? तुम्ही आजारी माणूस. अक्कल तिला हवी होती." भाकरी कुस्करून द्यावी तशी मला माफी कुस्करून देते.

भोपळी प्लास्टर जमिनीवर आपटते. टक टक. घरभर तोच आवाज.

गुरुवार, २७ मार्च

पोर बाळाला दवाखान्यात दाखवायला गेली होती. दार वाजलं. उंचबाई! आत आली नाही. मान वाकवायचीसुद्धा राहिली, उंबऱ्याबाहेरच उभी.

"पेला राहिलाय माझा."

आणून दिला. म्हणाली, "बाळ कसं आहे?" म्हटलं, बरं आहे. "आणि तुम्ही?" म्हटलं, बरा आहे.

तरी उभी. मग म्हणाली, "आजोबा, खरं सांगा. होती का हो ती ओळ? जाहिरात तर काम ठरल्यावर निघाली, म्हणून सारखं आठवून बघते. घरी जाऊन पोराला विचारलं, त्यालाही मी जाहिरात वाचून दाखवली होती, तो म्हणतो नव्हती. पण ताई इतक्या ठामपणे म्हणतात. मग वाटतं, माझेच डोळे गेले का? वाचूनही विसरले का? असं विसरायला लागले तर मी कुणाचं बाळ कसं घेऊ हातात?"

मी म्हणालो, "नजरेतून सुटलं असेल तुमच्या."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं.

ती मान हलवत राहिली. "असेल. असेल हो." पेला पिशवीत टाकला आणि जिना उतरली. कठड्याला धरून उतरत होती. आधी कधी धरायची नाही.

रविवार, ३० मार्च

फोनवर तिची पाटी दिसली. "काम हवे. मुले सांभाळण्याचा अनुभव." खाली तिचा फोटो. आणि फोटोच्या खाली पोरीनं लिहिलेलं —

"बाळाकडे दुर्लक्ष. अपघात झाला. वर खोटं बोलते. विश्वास ठेवू नका."

पाचातला एक तारा. त्या बाजारात असं लिहायची सोय आहे. ज्याच्याकडे काम केलं तो शेवटी पाटी लावून देतो, आणि ती पाटी त्या बाईबरोबर दारोदार फिरते.

मी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. दिवाळं निघालेल्यांच्या रंगवल्या, जप्तीच्या रंगवल्या. पण माणसाच्या गळ्यात बांधलेली कधी रंगवली नाही. ही मात्र माझीच. मजकूर पोरीचा, रंग माझा.

पुसायला गेलो. पेन्सिलीचं चित्र शोधलं. नाही. दाबून बघितलं, घासून बघितलं — वेडा! एकदा तर काचेवर अंगठा ओला करून. खाली अक्षरं आली, लिहिणाऱ्यानंच स्वतःचा शब्द टाकून काढता येईल म्हणून. हे पोरीनं तिच्या स्वतःच्या फोनवरून लिहिलेलं, तो गुप्त शब्द फक्त तिला ठाऊक.

माझी ओळ एका बोटानं गेली. ही जात नाही.

मंगळवार, १ एप्रिल

सांगितलं.

पोर बाळाचे कपडे घड्या घालत होती. मी म्हटलं, ती ओळ मी काढली. तिला आधी कळलंच नाही. "कुठली ओळ?" मग हातातलं झबलं तसंच राहिलं.

"का?"

"गावभर लागली होती. सगळ्यांनी वाचली असती."

"म्हणून?" आवाज चढला नाही, उलट बसला. "बाबा, मी तिला तोंडानं सांगणार होते. त्या दिवशी, तिथंच. तुम्ही समोर बसला होतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले. नुसतं विचारलं, शेवटची ओळ वाचली का. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून!"

मी म्हटलं, ठाऊक आहे.

"ठाऊक आहे? तेव्हा ठाऊक होतं?"

मी खाली पडलेलं एक झबलं उचललं.

"आणि दवाखान्यात? मी तिला चारचौघांत खोटारडी म्हणत होते. तुम्ही शेजारी होतात."

भोपळी मध्येच प्लास्टर आपटत होती. तिला वाटलं, खेळ चाललाय. माझ्याकडे हात केला, चांगला हात. पोरीनं तिला उचललं आणि आतल्या खोलीत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. उंचबाईनं पिळून घट्ट केली होती ती कडी. नीट बसली.

गुरुवार, ३ एप्रिल

पोरीनं फोनवरची ती पाटी काढली. तिथं लिहिलं — "चूक आमच्या घरची होती. बाई प्रामाणिक आहे." पाच तारे. बाईला फोन लावला, चार-पाच वेळा. तिनं उचलला नाही. पोर तिच्या घरी गेली, तर सासू म्हणाली, "ती नाही घरी. असती तरी नसती." सासूचं तोंड चालतं म्हणाली होती ते खरं.

हे सगळं पोर जावयाला फोनवर सांगत होती, त्यावरून कळलं. माझ्याशी बोलते ती कामापुरतं. गोळी घेतली का? दार लावलं का?

सोमवार, ७ एप्रिल

भोपळी पाळणाघरात. पोरीच्या प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत आहे. सकाळी साडेआठला दोघी जातात. जाताना पोर शेगडीचा मुख्य खटका बंद करून जाते. चहा थर्मासात.

अकरा वाजले तेव्हा दाढी करून बसलो होतो. सवय.

सकाळी निघताना पोर जिन्यात थांबून म्हणाली, "तुम्हाला एकटं ठेवून जाते आहे, मला तेही बरं वाटत नाही. पण माझ्याच्यानं होत नाही बाबा." एवढं बोलली. पूर्वीसारखं बोलली.

गुरुवार, १० एप्रिल

भोवळ आली. न्हाणीघरात. कपाळ तेच, जागा तीच. पोरीला सांगितलं. लपवलं नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

जाहिरात टाकली. या वेळी मी एकट्यानं, सकाळभर बसून. पोरीला दाखवली. तिनं वाचली, शेवटाला येऊन थांबली, म्हणाली, "हे एवढं कशाला?" म्हटलं, राहू दे. जागेची टंचाई नाही.

"म्हातारा माणूस सांभाळायला बाई पाहिजे. वेळ साडेआठ ते सहा. रविवारी सुट्टी. घरात दिवसा दुसरं कुणी नसतं. त्याला भोवळ येते. ती तो लपवतो, आणि त्यापायी दुसऱ्याला खोट्यात पाडतो. एका चांगल्या बाईला त्यानं पाडलं आहे. विचार करून यावे."

मंगळवार, १५ एप्रिल

चार दिवस एकही फोन नाही. आज अकरा वाजता आला.

"जागा आहे का अजून?" आवाज ओळखीचा. मी विचारलं, जाहिरात वाचलीत का सगळी?

"शेवटच्या ओळीपर्यंत," ती म्हणाली. "पोराकडूनही वाचून घेतली. म्हणजे माझे डोळे ठीक आहेत."

मग म्हणाली, "पेला मी माझाच आणीन."